धज्जी दीवार

मुलांनो, 'धज्जी' आणि 'दीवार' हे दोन्ही शब्द तुम्हांला ठाऊक आहेत. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. मग चिंध्यांची भिंत कशी असेल? काश्मीरमध्ये 'धज्जी दीवार' असलेली घरे आहेत. त्या भिंतीत कापड नसते. पण ती तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसारखी दिसते.

अशा घराचा भार लाकडी सांगाडा पेलतो. आधी दगडी जोते बांधतात, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. त्यावर उभे खांब, आडव्या तुळया आणि तिरप्या पट्ट्या जोडतात. त्यांच्यामध्ये लहान लहान खण तयार होतात. खणांत विटांचे किंवा दगडांचे तुकडे चिखलात बसवतात आणि वरून मातीचा गिलावा करतात. मातीत पेंढा मिसळला, की गिलाव्याला तडे कमी पडतात.

ही पातळ भिंत टिकते का? ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडांची आणि काँक्रीटची अनेक घरे कोसळली. पण धज्जी दीवारीची पुष्कळ घरे उभी राहिली. असे का घडले? जमीन हलली, की लाकडी चौकट थोडी झुलते, पण मोडत नाही. खणांतले तुकडे एकमेकांवर घासतात आणि धक्क्याचा जोर कमी होतो. एका खणात तडा गेला, तरी तो तिथेच अडतो. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड, जड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. हजारो लोक दगावले.

२००५ नंतर नियंत्रण रेषेपलीकडे हजारो कुटुंबांनी पुन्हा अशीच घरे बांधली. पडलेल्या घरांचे लाकूड आणि दगड त्यांनी कामी आणले.

आता थंडीचा विचार करू. रजई ऊब देते, कारण तिच्या कापसात हवा अडकलेली असते. स्थिर हवेतून उष्णता सहज जात नाही. म्हणून आज काही देशांत लाकडी चौकटीच्या भिंतींत पेंढा, मेंढीची लोकर किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा भरतात. कागद लवकर पेटू नये म्हणून त्यात टाकणखारासारखे क्षार मिसळतात. भिंत कोरडी मात्र राहिलीच पाहिजे, नाहीतर आतला माल कुजतो. अशी भिंत हिवाळ्यात घर उबदार ठेवते आणि जळण वाचवते.

लाकूड वापरायचे, तर झाडे लावायलाही हवीत. मुलांनो, तुमच्या गावातील एखादे जुने घर पाहा. त्याचा भार भिंतीवर आहे की खांबांवर? गवंडीकाकांना विचारा आणि वहीत लिहा.