हवा काढूनही क्लच पुन्हा का बसतो?

दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीहून भिलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाळी सुटायच्या वेळेला कारखान्यांचे ट्रेलर एकामागे एक लागतात. पहिल्या गिअरवर सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. ऑइलवर चालणारा क्लच असलेली दहा-बारा वर्षांची पिकअप नेमकी इथेच अडते. पेडल तळाला जातं आणि गिअर पडत नाही. दोन-चार वेळा भराभर पंप मारला की गाडी निघते. गॅरेजात हवा काढतात, पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवा.’

या दुखण्यातला सगळ्यात महागडा गैरसमज हाच. प्लेट झिजली की क्लच स्लिप मारतो. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. पेडल बसून गिअर न पडणं हे त्याच्या उलटं लक्षण आहे, कारण तिथे क्लच पुरता सुटतच नसतो. शिवाय पंप मारल्याने प्लेट काही जाड होत नाही. पंप मारून तात्पुरता जाणारा दोष बहुतेक वेळा ऑइलच्या बाजूचाच असतो.

ही बाजू समजायला सोपी आहे. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये पाइप. इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडल्या तर एकीचा दट्ट्या दाबल्यावर दुसरीचा बाहेर येतो, तसंच हे. ऑइल दाबून आक्रसत नाही, हवा आक्रसते. म्हणून पाइपात थोडी हवा शिरली तरी पायाचा जोर तिला चेपण्यातच खर्च होतो.

हवा काढणं त्यामुळे गरजेचं आहे, पण तो इलाज अर्धा आहे. यंत्रणा सीलबंद असते. हवा परत आली याचा अर्थ तिची वाट उघडीच राहिली. ‘खाली तेल सांडलेलं नाही, मग गळती कुठली?’ असं चालक विचारतात. स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावर एक रबरी बूट असतो. धुळीने माखलेला, बाहेरून कोरडा ठणठणीत. त्याची कड स्क्रू ड्रायव्हरने जरा उचलली की आतून काळपट ओलावा बोटाला लागतो, कधी थेंबच ओघळतो. मास्टर सिलिंडर गळत असेल तर ऑइल केबिनच्या आत, दांड्यावरून पेडलपाशी उतरतं आणि मॅटखाली जिरतं. ही दोन ठिकाणं पाहिल्याशिवाय ‘गळती नाही’ म्हणू नये.

याहून फसवी गळती आतली. मास्टरच्या आतलं रबरी वॉशर झिजलं की दाबलेलं ऑइल त्याच्या कडेने मागे सरकून ऑइलच्या डबीत परत जातं. डबीतली पातळी तसूभरही उतरत नाही. ओळखायची रीत अशी: मास्टरच्या पुढचा पाइप सोडून ते तोंड योग्य मापाच्या प्लगने बंद करायचं, मास्टरमधली हवा काढून घ्यायची आणि पेडल दाबून धरायचं. पेडल दगडासारखं घट्ट राहिलं तर मास्टर ठीक आहे, दोष पुढे. हळूहळू बसत गेलं तर मास्टर गेला. ही तपासणी स्वस्त आहे आणि गिअरबॉक्सला हात लावण्याआधी ती झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. लवचीक होजही सोडू नये: एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने होजवर नजर ठेवावी. जुनी होज फुगताना डोळ्यांना दिसते.

‘रबरांचं किट टाकलं की मास्टर नवा’ हेही तितकंच खोटं. क्लचमधलं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. दादरा-नगर हवेलीत वर्षाकाठी 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. इथल्या दमट हवेत ते पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवतं, खड्डे पाडतं. त्या खड्ड्यांवर नवं रबर घासलं की लवकरच कापलं जातं. आतून नख फिरवावं. खरखरीत लागलं तर किटवर पैसे घालू नयेत, अख्खा सिलिंडर बदलावा. ऑइलही दर दोन वर्षांनी बदललेलं बरं, नुसतं वरून ओतत राहू नये. आणि डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कधीच नको. ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर त्याने फुगतं, आणि मग सगळी रबरं बदलून पाइप धुवावे लागतात.

पेडल ‘कडक’ करण्यासाठी दांडा आवळून ठेवायची सवय वेगळंच दुखणं आणते. दांड्याला थोडी ढील हवीच. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तापलेलं ऑइल फुगतं, त्याला परतायला जागा नसते, आणि पाय काढलेला असूनही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. अशी गाडी दुपारी स्लिप मारते, रात्री थंड झाल्यावर नीट चालते. चांगली प्लेट त्यात जळते.

हे सगळं ठीक निघालं तर शेवटचं मोजमाप स्लेव्हच्या दांड्याचं. पेडल पूर्ण दाबल्यावर तो किती सरकतो ते पट्टीने मोजावं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावं. कमी सरकत असेल तर पेडलची झिजलेली बुशिंग आणि तडा गेलेलं ब्रॅकेटही बघावं. पुरेसा सरकूनही गिअर पडत नसेल, तर मात्र दोष बहुधा फोर्कमध्ये, रिलीज बेअरिंगमध्ये किंवा प्रेशर प्लेटमध्ये आहे. गिअरबॉक्स तेव्हा उतरवावा.