निसटता निकाल आणि पराभूतांची संमती : अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकांनंतरच्या पक्षीय प्रतिक्रिया

प्रस्तावना

'मध्यावधी निवडणूक' म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर मुदतीपूर्वी विसर्जित झालेली लोकसभा किंवा विधानसभा येते. अमेरिकेत या संज्ञेचा अर्थ वेगळा आहे. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर, नोव्हेंबर महिन्यात होणारी ही नियमित निवडणूक होय. तीत प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा, सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा आणि बहुसंख्य राज्यांची गव्हर्नरपदे पणाला लागतात. राष्ट्राध्यक्ष स्वतः उमेदवार नसतो. तरीही निकाल हा त्याच्यावरील कौल मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ हे दोन अपवाद वगळता प्रत्येक मध्यावधी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातील जागा गमावल्या आहेत.

मोठ्या फरकाने लागलेला निकाल दोन्ही पक्ष मुकाट्याने स्वीकारतात. खरी कसोटी लागते ती निसटत्या निकालाच्या वेळी. क्रिस्टोफर अँडरसन व त्यांच्या सहलेखकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'पराभूतांची संमती' ही संकल्पना विस्ताराने मांडली. निवडणुकीला वैधता प्राप्त होते ती विजेत्याच्या आनंदाने नव्हे, तर पराभूतांनी निकाल मान्य केल्याने, असे तिचे सार सांगता येईल. प्रस्तुत लेखात २००६, २०१८ आणि २०२२ या तीन मध्यावधी निवडणुकांच्या आधारे या संमतीचा विचार केला आहे.

मतमोजणीची रचना आणि संशयाला मिळणारी जागा

भारतात संविधानाच्या अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणुकांचे नियंत्रण निवडणूक आयोगाकडे असते. निर्वाचन अधिकारी निकाल जाहीर करतो आणि त्याला आव्हान द्यावयाचे झाल्यास ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. अमेरिकेत मतदानाचे आयोजन करणारी अशी केंद्रीय यंत्रणा नाही. प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र असून प्रत्यक्ष मतमोजणी बहुतेक ठिकाणी परगणा पातळीवर होते. मतदानाच्या रात्री 'निकाल' सांगतात ती वृत्तसंस्था व दूरचित्रवाहिन्या. अधिकृत प्रमाणीकरण मात्र काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होते.

या दोन क्षणांमधील काळ हीच संशयाची जागा होय. टपालाने आलेल्या मतपत्रिकांवरील स्वाक्षऱ्या पडताळणे, पात्रता तपासून तात्पुरती मते ग्राह्य धरणे यांस वेळ लागतो. शिवाय उशिरा मोजल्या जाणाऱ्या मतांचा कल आधीच्या मतांसारखाच असेल असे नसते. त्यामुळे पहिल्या रात्रीची आघाडी पुढे नाहीशी होऊ शकते. हा मोजणीच्या क्रमाचा परिणाम असतो. परंतु मागे पडणाऱ्या पक्षाला त्यात कारस्थान दिसू शकते. या अवधीत पराभूत उमेदवाराने दिलेली जाहीर कबुली कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असते. तिने निकाल ठरत नाही की बदलतही नाही. तरीही समर्थकांना 'आता थांबावे' असे सांगण्याचा अधिकार प्रत्यक्षात तिच्यातच असतो.

२००६ : दोन निसटते निकाल, दोन प्रतिक्रिया

७ नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत इराक युद्धाविषयीच्या नाराजीमुळे डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधीगृहात बहुमत मिळविले. सिनेटचे बहुमत मात्र मोंटाना आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांवर येऊन ठेपले. मोंटानात जॉन टेस्टर यांनी कॉनराड बर्न्स यांचा ३,५६२ मतांनी पराभव केला. व्हर्जिनियात सुमारे २३ लाख ७० हजार मतांपैकी जिम वेब यांना रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांच्याहून केवळ ९,३२९ मते अधिक मिळाली. प्रचारकाळात ॲलन यांनी वेब यांच्या भारतीय वंशाच्या तरुण कार्यकर्त्याला उद्देशून भर सभेत अपमानास्पद शब्द वापरला होता व त्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले होते. एवढ्या अल्प फरकात त्या प्रसंगाचे मोल किती, ही चर्चा पुढे दीर्घकाळ चालली.

मतांतील फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार ॲलन यांना सरकारी खर्चाने फेरमोजणी मागता आली असती. सिनेटचे बहुमत त्यावर अवलंबून होते. तरीही ९ नोव्हेंबर रोजी त्यांनी पराभव मान्य केला. बर्न्स यांनीही त्याच दिवशी तसे केले. तत्पूर्वी ८ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पत्रकार परिषदेत पक्षाला जबर मार बसल्याचे मोकळेपणाने कबूल केले आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड पद सोडत असल्याची घोषणा केली.

याच निवडणुकीत फ्लोरिडातील एका प्रतिनिधीगृह मतदारसंघात वेगळे घडले. रिपब्लिकन व्हर्न बुकॅनन यांनी डेमोक्रॅट क्रिस्टीन जेनिंग्ज यांचा ३६९ मतांनी पराभव केला. परंतु सारासोटा परगण्यात मतदानयंत्रांवर मतदान केलेल्या सुमारे १८,००० मतदारांचे या एका पदासाठीचे मतच नोंदले गेले नव्हते. जेनिंग्ज यांनी न्यायालयात व प्रतिनिधीगृहात आव्हान दिले. शासकीय लेखापरीक्षण संस्थेने यंत्रांची तपासणी केली. यंत्रातील दोषाचा पुरावा मिळाला नाही. अनेक अभ्यासकांनी पडद्यावरील सदोष मांडणीकडे बोट दाखविले. अखेर २००८ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या प्रतिनिधीगृहानेच आपल्या पक्षाच्या उमेदवाराचे आव्हान फेटाळले. दरम्यान २००७ मध्ये फ्लोरिडाने कागदी मतपत्रिकांकडे वळण्याचा कायदा केला होता. निकालावर शंका घेणे म्हणजे लोकशाहीचा अवमान नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. येथील शंकेला निश्चित आधार होता, तपासाची पद्धत होती आणि शेवटही होता.

२०१८ : संदिग्ध संमती

२०१८ मध्ये ॲरिझोनाच्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन मार्था मॅकसॅली पहिल्या रात्री आघाडीवर होत्या. टपाली मतांची मोजणी पुढे सरकली तसतशा डेमोक्रॅट कर्स्टन सिनेमा पुढे गेल्या व सुमारे ५६,००० मतांनी विजयी झाल्या. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गैरप्रकाराची शंका जाहीरपणे व्यक्त केली. स्वतः मॅकसॅली यांनी मात्र आरोप न करता पराभव स्वीकारला.

जॉर्जियात डेमोक्रॅट स्टेसी अब्राम्स गव्हर्नरपदाची निवडणूक सुमारे ५५,००० मतांनी हरल्या. विजयी उमेदवार ब्रायन केंप हे त्या वेळी निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. त्यामुळे हितसंबंधांच्या संघर्षाचा आक्षेप निराधार नव्हता. अब्राम्स यांनी केंप गव्हर्नर होतील हे मान्य केले, पण आपले भाषण पराभवाची कबुली नसल्याचेही बजावले. कायदेशीर निकाल स्वीकारून त्याची नैतिक वैधता नाकारण्याचा हा मार्ग होता. पुढे रिपब्लिकन नेत्यांनी याच भाषणाचा दाखला देत दुटप्पीपणाचा आरोप केला. २०२२ मध्ये केंप यांच्याकडूनच अधिक मोठ्या फरकाने हरल्यावर अब्राम्स यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला.

२०२२ : अपेक्षाभंग आणि नकार

२०२० ची अध्यक्षीय निवडणूक ट्रम्प यांनी मान्य केली नाही आणि ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला. या पार्श्वभूमीवर ८ नोव्हेंबर २०२२ ची निवडणूक झाली. 'लाल लाटे'चे भाकीत केले गेले होते. प्रत्यक्षात रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २१३ असे काठावरचे बहुमत मिळाले आणि सिनेट डेमोक्रॅटांकडेच राहिले. प्रतिनिधीगृह गमावणारा पक्ष समाधानी आणि जिंकणारा पक्ष परस्परांवर दोषारोप करणारा, असे विपरीत चित्र दिसले. यावरून पक्षीय प्रतिक्रिया ही निकालापेक्षा अपेक्षेशी अधिक निगडित असते, हे ध्यानात येते.

कोलोरॅडोत डेमोक्रॅट ॲडम फ्रिश यांचा लॉरेन बोबर्ट यांच्याकडून ५४६ मतांनी पराभव झाला. कायद्याने फेरमोजणी आपोआप होणार होती. तिची वाट न पाहता फ्रिश यांनी पराभव मान्य केला. ॲरिझोनात ॲटर्नी जनरल पदाच्या निवडणुकीत ५११ मतांचा फरक फेरमोजणीनंतर २८० वर आला. मोजणीत चुका होतात, फेरमोजणीत त्या सापडतात आणि बहुधा त्या लहान असतात, या तिन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात.

त्याच राज्यात गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवार कॅरी लेक १७,११७ मतांनी हरल्या. आपण जिंकू आणि तो निकाल मान्य करू, एवढेच उत्तर त्यांनी मतदानापूर्वी दिले होते. मॅरिकोपा परगण्यातील अनेक केंद्रांवर मतदानाच्या दिवशी छपाईयंत्रांत खरोखर बिघाड झाला होता. परंतु त्यामुळे निकाल बदलला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. डिसेंबर २०२२ आणि पुन्हा मे २०२३ मध्ये निर्णय विरुद्ध जाऊनही लेक यांनी पराभव मान्य केला नाही. कोचीस परगण्यात तर बहुसंख्य पर्यवेक्षकांनी मुदतीत निकाल प्रमाणित करण्याचेच टाळले. अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर १ डिसेंबरला प्रमाणीकरण झाले. हा परगणा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला होता. तेथील मते वगळली गेली असती तर झळ त्यांच्याच मतदारांना बसली असती.

प्रतिक्रियेमागील कारणे

वरील उदाहरणांत मतांचा फरक प्रतिक्रियेचे स्पष्टीकरण देत नाही. ५४६ मतांनी हरलेला उमेदवार थांबतो आणि १७,११७ मतांनी हरलेला थांबत नाही. पक्षनिष्ठ मतदार आपल्या पूर्वग्रहाशी जुळणारी माहिती सहज स्वीकारतो व न जुळणारी कसून तपासतो, ही प्रवृत्ती दोन्ही पक्षांत आढळते. फरक पडतो तो नेतृत्वाच्या वर्तनाने आणि पक्षांतर्गत बक्षिसांच्या व्यवस्थेने. २००६ मध्ये सन्मानाने माघार घेणे हे ॲलन यांच्या राजकीय भवितव्याच्या दृष्टीनेही हिताचे होते. २०१२ मध्ये त्यांना सिनेटची उमेदवारी पुन्हा मिळाली. २०२२ नंतर नकार देणाऱ्या लेक यांनाही २०२४ मध्ये पक्षाने सिनेटची उमेदवारी दिली. पक्षांतर्गत मतदारांनी नकाराची किंमत वसूल केली नाही. सार्वत्रिक निवडणुकीत मात्र लेक पुन्हा पराभूत झाल्या.

निष्कर्ष

निसटत्या निकालानंतर प्रश्न विचारणे हा पराभूतांचा अधिकार आहे. त्या प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर तो मिटतो की नाही, ही त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी होय. सारासोटातील शंकेतून कागदी मतपत्रिका आल्या. ॲरिझोनातील नकारातून नवी सुधारणा न येता केवळ अविश्वास वाढला. दोन वर्षांनी पुन्हा संधी मिळणार आहे हा विश्वास असेल तोवर आजचा पराभव सोसता येतो. मध्यावधी निवडणुकीचे नियमित चक्र हा विश्वास पुरवते. परंतु पक्षच आपल्या मतदारांना पुढील मोजणीही खोटीच असेल असे सांगू लागले, तर ते चक्र चालू राहूनही त्याचा आधार उरत नाही. मोजणीची यंत्रणा कायद्याने उभी करता येते. पराभव मान्य करण्याची सवय मात्र पक्षांना स्वतःच जोपासावी लागते.