आपल्या गावाला किती गुण?

यंदा दिवाळीत भाची निपाणीला आली होती. पुण्यात अकरावीला आहे. कॉलेजने 'माझ्या आजोळचा इतिहास' असा प्रकल्प दिलेला. मांडीवर फराळाचं ताट, पुढ्यात लॅपटॉप. विकिपीडिया वाचता वाचता मध्येच म्हणाली, "मामा, इथे लेखांना पण ग्रेड देतात. शाळेसारखी!"

मला हे ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना नसेल, कारण ही ग्रेड बहुतेक लेखांत वरवर दिसत नाही. इंग्रजी विकिपीडियावर लेखाच्या डोक्यावर 'टॉक' नावाचा टॅब असतो, म्हणजे चर्चेचं पान. ते उघडलं की वरच एक चौकट असते आणि तिच्यात दोन वेगवेगळे शेरे: एक लेखाच्या दर्जाचा, दुसरा विषयाच्या महत्त्वाचा.

दर्जाची शिडी अशी. सगळ्यात खाली 'स्टब', म्हणजे नुसतं रोपटं. मग 'स्टार्ट', 'सी', 'बी'. इथपर्यंतची ग्रेड कुणीही जाणता संपादक देऊ शकतो. 'गुड आर्टिकल' व्हायचं तर ज्याने लेख लिहिलेला नाही अशा माणसाने तो निकष लावून तपासावा लागतो. 'ए' आता मोजकेच गट वापरतात, त्यात लष्करी इतिहासवाले आघाडीवर. सगळ्यात वर 'फीचर्ड', तिथे अनेक जण मिळून लेखाची चिरफाड करतात. हे सगळे स्वयंसेवक. पगार नाही, मानधन नाही.

महत्त्वाचा शेरा मात्र निराळा आहे. तो 'टॉप', 'हाय', 'मिड', 'लो' असा असतो आणि तो देणारा विषयाचा गट आपापला देतो. २०२३ पासून दर्जा सहसा सगळ्या गटांना मिळून एकच धरतात, पण महत्त्व अजून ज्याचं त्याचं. खानापूर तालुक्यातलं नंदगड घ्या. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली तिथे फाशी दिलं. कर्नाटकाच्या इतिहासाला ही घटना फार मोठी. जगाच्या इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. दोघांचे शेरे वेगळे पडले तर त्यात कुणाचा अपमान नाही. 'लो' म्हणजे क्षुल्लक नव्हे. त्या विषयाच्या वाचकाला हा लेख किती लवकर लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

भाचीला हे पटलं नाही. "म्हणजे आपलं गाव कुणाला तरी 'लो' वाटणारच ना?" वाटणारच. छापील कोशांतही ते होतंच की. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला, पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईहून मराठी विश्वकोश निघाला. कुठल्या नोंदीला चार पानं द्यायची आणि कुठलीला चार ओळी, हे संपादक मंडळच ठरवत होतं. फरक इतकाच की तो निर्णय बंद खोलीत व्हायचा. आता तो चर्चेच्या पानावर होतो, आणि तिथे आपल्यालाही बोलता येतं.

आपल्या सीमाभागात मात्र महत्त्वावरून भांडायची हौस दांडगी. बेळगावचा विषय निघाला की दोन्हीकडून बाह्या सरसावतात. माझं मत विचाराल तर महत्त्वाचा शेरा सोडून द्यावा आणि दर्जाकडे बघावं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. 'बी' मिळवायला लेखात पुरेसे संदर्भ लागतात, विषयाची कुठलीही ठळक बाजू सुटून चालत नाही, मांडणी आणि भाषा धड असावी लागते.

ही कसोटी सीमावादाच्या लेखाला लावून बघा. १९६६ साली निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं असं त्यात म्हटलं होतं, हे बेळगावात लहान मूलही सांगेल. पण त्याच अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस होती, आणि त्यात निपाणी, खानापूर, नंदगडही होतं. महाराष्ट्राकडची २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, असंही त्यात होतं. कर्नाटकाने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. यातला एक तुकडा ठेवून दुसरा गाळला, तर लेख कितीही लांबलचक आणि कितीही तळमळीचा असो, तो 'बी' नाही. हे सांगितल्यावर आमचे आण्णा, म्हणजे भाचीचे आजोबा, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "निपाणी द्यायची म्हटली होती? हे मला आज कळतंय." जन्म निपाणीत गेला त्यांचा.

त्यांना जे पक्कं माहीत आहे ते दुसरंच. मार्च-एप्रिल १९८१ चं तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. आसपासच्या खेड्यांतून भाकऱ्या यायच्या, आमच्या घरूनही गेल्या होत्या. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. आण्णा हे सांगायला लागले की आवाज बसतो.

भाचीने उत्साहाने परिच्छेद लिहिला आणि विकिपीडियावर टाकला. संदर्भाच्या जागी लिहिलं, 'माझ्या आजोबांनी सांगितले'. तासाभरात तो काढला गेला. पोरगी रडवेली झाली, आण्णा चिडले. "मी होतो की तिथं! आणखी काय पुरावा पाहिजे?"

मलाही वाईट वाटलं, पण काढणाऱ्याचं बरोबर होतं. आमच्या आजोबांचा शब्द चालवायचा, तर मग तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या आजोबांचाही चालवावा लागेल, त्या दिवशी बंदूक धरलेल्या शिपायाच्या आजोबांचाही. म्हणून प्रसिद्ध झालेला, तपासता येईल असा आधार मागतात. आठवण खोटी आहे असं कुणी म्हणत नाही.

मग आण्णांनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. पिवळी पडलेली कात्रणं, चांगली बोटभर जाडीची थप्पी. आणि एकावरही तारीख नाही! बातमी नेमकी कापताना कात्रीने वरची पट्टी गेलेली, वर्तमानपत्राचं नावही तिच्याबरोबर गेलं. ज्यांच्या घरी अशी कात्रणं असतील त्यांनी आज संध्याकाळीच ती काढून बघावीत.

दुसऱ्या दिवशी मामा-भाची बेळगावच्या वाचनालयात. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत दोन कात्रणांच्या तारखा जुळल्या. पण खरा धक्का वेगळाच होता. शोधता शोधता भाचीला 'तंबाखू चाकिला ऊब आली' या माहितीपटाचा पत्ता लागला. बंगळूरच्या 'युगांतर' या स्त्रीवादी चित्रपट गटाने तो १९८२ साली केलेला, निपाणीच्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर. तंबाखूच्या धुळीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या, संघटित होऊन मालकाला जाब विचारणाऱ्या बायका. आमच्या परिच्छेदात शेतकरी होते, पोलीस होते, शरद जोशी होते. या बायका नव्हत्या. निपाणीच्या तंबाखूचा इतिहास लिहायचा आणि वखारीत पाऊल टाकायचं नाही, हा दर्जातला खड्डा आमचाच होता, कुणा परक्या संपादकाचा नव्हे.

आण्णांना विचारलं तर म्हणाले, "आपल्या गल्लीतल्या चार-पाच जणी जायच्या की वखारीला. संध्याकाळी दारावरनं गेल्या तरी वासानं कळायचं." इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

परिच्छेद अजून अर्धाच आहे. त्या दिवसांच्या कन्नड वर्तमानपत्रांनी काय छापलं ते बघायचं राहिलंय. मला अक्षरं लागतात, पण जुनी छापील कन्नड वाचायला शेजारच्या काकूंना बरोबर न्यावं लागेल. नाताळच्या सुट्टीचं ठरलंय. आण्णा रोज सकाळी पेपर कापायच्या आधी पेन्सिलीने बातमीच्या अंगावरच तारीख लिहितात, आणि भाचीला फोनवर वाचून दाखवतात.