अ‍ॅबलोन-पालनाचा आरंभ

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर हर्मानस नावाचे गाव आहे. तेथे समुद्राकाठी उथळ टाक्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पंपाने उपसलेले समुद्राचे पाणी त्यांतून अहोरात्र वाहत असते. दिवसा पाहणाऱ्यास या टाक्या जवळजवळ निर्जीव वाटतील. कारण त्यांतील प्राणी उजेड टाळून सावलीत निपचित चिकटून बसलेले असतात. रात्र पडली म्हणजे ते चरावयास निघतात. हा प्राणी म्हणजे अ‍ॅबलोन होय.

गोगलगाय ज्या उदरपाद वर्गात मोडते त्याच वर्गातील हा समुद्रवासी प्राणी. त्याचा चपटा शंख मनुष्याच्या कानासारखा दिसतो. शंखाच्या कडेने छिद्रांची एक ओळ असते. कल्ल्यांवरून गेलेले पाणी, मलद्रव्ये आणि प्रजननकाळी अंडी अथवा शुक्राणू या छिद्रांतूनच बाहेर पडतात. रुंद, मांसल पायाने तो खडकाला घट्ट धरून राहतो आणि कानशीसारख्या दंतुर जिभेने शैवल खरवडून खातो. या पायाच्या मांसाला चीन व जपानमध्ये फार मोठी किंमत येते. शंखाच्या आतील चकाकीमुळे दक्षिण आफ्रिकेत त्यास ‘पर्लमून’ म्हणतात. ‘मोत्याची माता’ या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव पडले.

पालनाची गरज

अ‍ॅबलोनच्या नर-मादींचा संयोग होत नाही. दोघेही आपापले बीज पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच होते. प्राणी एकमेकांच्या निकट असतील तरच हे साधते. ते विरळ झाले तर अंडी फुकट जातात. म्हणून बेसुमार पकड झालेल्या खडकांवर थोडे प्राणी उरले तरी तेथील वस्ती आपोआप भरून येत नाही. दक्षिण आफ्रिकेत चोरट्या पकडीमुळे हेच संकट ओढवले आणि २००३ साली हौशी लोकांच्या पकडीवर बंदी घालावी लागली. तत्पूर्वीच, १९८१ पासून, तेथील संशोधकांनी पकडून आणलेल्या प्राण्यांपासून पिले मिळविण्याचे प्रयोग आरंभिले होते. १९९० नंतरच्या दशकात त्यांतून व्यापारी पालन उभे राहिले.

आधी पाणी

या व्यवसायात उतरणाऱ्याने प्रथम पाण्याची परीक्षा करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील जातीला सुमारे १२ ते २० अंश सेल्सियस तपमानाचे, प्राणवायूने समृद्ध व पूर्ण खारे पाणी मानवते. नदीमुखाजवळची जागा यास्तव वर्ज्य होय. पावसाळी पुराने पाण्याची लवणता उतरली की प्राणी दगावतात. पंप काही तास बंद पडला तरी टाकीतील प्राणवायू संपत जातो आणि प्राण्यांच्या मलातील अमोनिया साचतो. म्हणून विजेची पर्यायी सोय ही येथे चैन नसून पहिली गरज आहे. इतके करूनही समुद्राची लहर उरतेच. जानेवारी २०१७ मध्ये हर्मानसच्या परिसरात विषारी सूक्ष्मजीवांची लाट आली आणि तिचे पाणी टाक्यांत शिरून असंख्य अ‍ॅबलोन मेले.

मग कुरण

पालनासाठी निवडलेल्या प्रौढ प्राण्यांचे लिंग जननग्रंथीच्या रंगावरून ओळखतात. मादीची हिरवट, तर नराची पांढुरकी असते. त्यांनी एकाच वेळी बीज सोडावे यासाठी दोन युक्त्या प्रसिद्ध आहेत. जंबुपार किरण पाडलेल्या समुद्रजलाची युक्ती जपानी संशोधकांनी १९७४ साली मांडली. पाण्यात अल्पसे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळण्याची युक्ती कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केली.

अंड्यांतून निघालेले डिंभ काहीच खात नाहीत. अंड्यातील पिवळ्या द्रव्यावर ते सुमारे आठवडाभर तरंगत जगतात आणि मग तळाशी बसण्यास जागा शोधू लागतात. हा क्षण सर्वांत नाजूक. त्या वेळी डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवलांचा पातळ थर चढलेले प्लॅस्टिकचे पत्रे तयार असावे लागतात. थर नसेल तर पिले उपाशी मरतात. तात्पर्य, प्राणी जन्मण्यापूर्वी त्याचे कुरण वाढविलेले असले पाहिजे.

काही महिन्यांनी पिले टोपल्यांत हलवितात. हे कामही जपून करावयाचे असते. कारण अ‍ॅबलोनचे रक्त गोठत नाही. सुरीचा ओरखडादेखील प्राणघातक ठरतो. म्हणून मॅग्नेशियम सल्फेटसारख्या द्रव्याने प्राण्याची पकड सैल करून मगच त्यास उचलतात.

पुढील वाढ वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर. विक्रीयोग्य आकार येण्यास चार-पाच वर्षेही लागतात. तोपर्यंत खर्च चालूच राहतो. शरीराचे वजन एक किलोने वाढण्यास दहा किलोंहून अधिक ताजे केल्प, म्हणजे मोठे सागरी शैवल, लागते. किनाऱ्यावरील केल्पची तोड अमर्याद करता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर उल्वा हे हिरवे शैवल वाढवितात. ते अमोनिया शोषून पाणी शुद्ध करते आणि पुन्हा अ‍ॅबलोनच्याच आहारात जाते.

शेवटी प्राणी, पण कोठला?

घाई करणारा मनुष्य येथेच चुकतो. दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅबलोन कॅलिफोर्नियात नेले गेले तेव्हा शंखाच्या कडेत राहणारा एक सूक्ष्म कृमी त्यांच्याबरोबर गेला. त्याने तेथील अ‍ॅबलोनचे शंख वेडेवाकडे झाले, वाढ खुंटली आणि अनेक पालनकेंद्रे जेरीस आली. पुढे तो एका ठिकाणी खुल्या समुद्रातही आढळला. त्याचा नायनाट करण्यासाठी किनाऱ्यावरील सुमारे १६ लाख काळ्या गोगलगायी वेचून काढाव्या लागल्या. तेव्हा तो हटला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००५ च्या अखेरीस पालनकेंद्रांत आढळलेला विषाणुजन्य रोग पुढील वर्षी समुद्रातील वन्य अ‍ॅबलोनमध्येही दिसून आला. ज्या प्राण्यांवरील भार हलका करण्यासाठी पालन सुरू झाले, त्यांनाच त्यातून धोका पोहोचू शकतो.

भारतालाही हा विषय परका नाही. तामिळनाडूच्या मन्नार आखातात हॅलियोटिस व्हेरिया ही लहान आकाराची, उष्ण समुद्रात राहणारी जात आढळते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचे बीज कृत्रिम रीतीने तयार करून पिले वाढविण्यात यश मिळविले आहे. परदेशी जात आकाराने मोठी व किमतीने सरस असली तरी तिच्याबरोबर काय येईल हे डोळ्यांना दिसत नाही. यास्तव आपल्या किनाऱ्यावर ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनी आपल्याच समुद्रातील जातीपासून तो करावा. आणि पहिले अंडे फलित करण्यापूर्वी निदान वर्षभर पाण्याचे तपमान व लवणता नित्य टिपून ठेवावी.