अतुरितचारिका आणि पनवेलची वाट

पालि वाङ्मयात तथागतांच्या पदयात्रेस ‘चारिका’ अशी संज्ञा आहे. आचार्य बुद्धघोषांनी दीघनिकायाच्या अट्ठकथेत तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. अंगुलिमालासारख्या एखाद्या व्यक्तीच्या उद्धारासाठी दूरचे अंतर त्वरेने तोडणे ही ‘तुरितचारिका’ होय. गावागावांतून, दररोज एक किंवा अर्धे योजन चालत, भिक्षाटन करीत व लोकांवर अनुग्रह करीत जाणे ही ‘अतुरितचारिका’ होय. सावकाश चालणे म्हणजे रिकामपण नव्हे. लोकजीवन जाणण्याची ती रीत आहे.

अशा चालण्यास जुने पनवेल सोयीचे आहे. खाडीवरील व्यापाराने वाढलेल्या या गावी १८५२ साली नगरपालिका आली आणि २०१६ साली महानगरपालिका झाली. वडाळे तलावाकाठचे बल्लाळेश्वर मंदिर, विरूपाक्ष मंदिर, बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग आणि बाजाराच्या गल्ल्या हे सारे एका दिवसात पायी पाहून होते.

येथे प्रश्न उभा राहतो : बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासकाने अशा स्थळांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? महापरिनिब्बानसुत्तात याचे उत्तर सापडते. अंतिम प्रवासात भगवंतांनी वैशालीची उदेन, गोतमक, सत्तम्ब, बहुपुत्त, सारन्दद व चापाल ही चैत्ये रमणीय असल्याचे आनंदास सांगितले. अट्ठकथेनुसार यांतील काही मूळची यक्षस्थाने होती. भगवंतांनी तेथे नवस केला नाही, की त्यांचा उपहासही केला नाही. पूजा न करता पाहणे, इतिहास जाणणे व इतरांच्या श्रद्धेचा अवमान न करणे, ही उपासकाची दृष्टी होय.

बाजारही धम्माला परका नाही. विसुद्धिमग्गातील पांसुकूल चीवरांच्या यादीत ‘पापणिक’, म्हणजे दुकानाच्या दारात टाकलेले वस्त्र, याची गणना आहे. इतरांनी टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून भिक्षू त्यांचे चीवर करीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडताना हा संदर्भ ध्यानी ठेवावा. टाकाऊ ठरवणे हा पाहणाऱ्याचा निर्णय असतो; तो वस्तूचा स्वभाव नव्हे. माणसांच्या बाबतीत तर हे शतपटीने खरे आहे.

पनवेलहून निघणारा मुंबई–गोवा महामार्ग महाडवरून जातो, याचाही विसर पडू नये. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह सत्याग्रह करावा लागला. तळ्याकाठी निवांत बसणे, बाजारातून सावकाश चालणे, वाटेल तेथे थांबणे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या वंशजांसाठी अतुरित चालणे हा संघर्षाने मिळविलेला अधिकार आहे. उपासकांनी तो मुलाबाळांसह, स्मृती जागृत ठेवून, अवश्य उपभोगावा.