पापणीचे दुखणे आणि घरचा शेक

पापणी म्हणजे डोळ्यावरचे झाकण, एवढेच आपण सामान्यतः जाणतो. परंतु स्वच्छ हातांनी खालची पापणी किंचित खाली ओढून आरशात पाहिले, तर तिच्या आतल्या बाजूस कडेपर्यंत येणाऱ्या फिकट पिवळसर उभ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे तेल पाझरविणाऱ्या ग्रंथी होत. वरच्या पापणीत त्या साधारणतः तीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस असतात. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतून निघणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि डोळ्याचा ओलावा उडून जाऊ देत नाही. पापणीची नेहमीची दुखणी बहुधा या तेलाच्या वाटेशी निगडित असतात, आणि घरगुती उपायांपैकी कोणता खरा व कोणता खोटा, हेही त्यावरूनच ठरते.

यांतील सर्वांच्या परिचयाचे दुखणे म्हणजे रांजणवाडी. हिंदी भाषक शेजारी तिला अंजनहारी किंवा गुहेरी म्हणतील, गुजराती शेजारी आंजणी म्हणतील. सुश्रुतसंहितेत पापण्यांचे एकवीस रोग सांगितले आहेत, त्यांत ‘अञ्जननामिका’ या नावाने ती आढळते. पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या लहान ग्रंथीत, कधी आतल्या मोठ्या ग्रंथीत, पू करणारे जंतू शिरतात. मग एका जागी लाली येते, ठणका लागतो आणि दोन-चार दिवसांत पिवळे टोक दिसू लागते. लॅटिन भाषेत हिला ‘जवाचा दाणा’ या अर्थाचे नाव आहे.

हिच्यासारखीच दिसणारी, पण वेगळी, अशी एक गाठ असते. तिला चॅलेझिअन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गार, म्हणजे आकाशातून पडते ती. ग्रंथीचे तोंड बुजून तेल आत साठते आणि सभोवार सूज धरते. ही गाठ कडेपासून थोडी दूर असते व सहसा दुखत नाही. रांजणवाडी बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरी होते. ही गाठ मात्र कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही रेंगाळते.

दोहोंवर पहिला उपाय एकच, तो म्हणजे उबेचा शेक. बुजलेल्या ग्रंथीतील तेल थिजलेल्या तुपासारखे घट्ट झालेले असते, ऊब मिळाली की ते सैल होऊन वाहू लागते. मात्र शेक म्हणून जे केले जाते, ते पुष्कळदा अपुरे असते. तळहात घासून पापणीवर दोन क्षण टेकविल्याने आतपर्यंत ऊब पोहोचत नाही. धुतलेल्या सुती कापडाची घडी सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळावी, मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवावी. घडी लवकर निवते, म्हणून ती पुनःपुन्हा बुडवावी लागते. असे दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा करावे. गाठ असल्यास शेकानंतर वरची पापणी वरून खाली व खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेने, बोटाने हलकेच चोळावी. रांजणवाडीला पिवळे टोक आले असेल तर ते दाबू नये. फोडून पिळण्याचा विधी सुश्रुताने सांगितला आहे खरा, परंतु तो वैद्यासाठी, आणि तोही शेक दिल्यानंतर.

काही घरांत रांजणवाडीवर लवंग उगाळून लावतात, कुठे लसणीची पाकळी घासतात. दोन्ही पदार्थ तिखट व दाहक असून डोळ्यात गेल्यास इजा करतात. काजळ-सुरमा तर या दिवसांत बंदच ठेवावा. काही सुरम्यांत शिसे असते, हे तो एरवीही टाळण्यास पुरेसे कारण आहे. आणखी एक सवय याहूनही घातक आहे. मागे कधी आणलेली थेंबांची बाटली शोधून तीच पुन्हा वापरली जाते. तिच्यात स्टेरॉइड असेल तर लाली झटपट ओसरते, पण असे थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा साचणे, सकाळी चिपडे धरणे आणि डोळे चुरचुरणे हा दाहाचा प्रकार चिवट असतो. येथे शेकानंतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे चार थेंब टाकून, त्यात भिजविलेल्या कापसाने मिटलेल्या पापणीची कड पुसावी. बरे वाटताच हे थांबविले की तक्रार पुन्हा उद्भवते.

घरचा उपाय कुठे थांबवावा, हे ओळखणे अगत्याचे आहे. सूज साऱ्या पापणीभर पसरली, ताप आला, डोळा हलविताना दुखू लागला, एकाचे दोन दिसू लागले, नजर मंदावली किंवा डोळा पुढे आल्यासारखा भासला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संसर्ग पापणीमागे उतरल्याची ही चिन्हे आहेत, आणि लहान मुलांत तो झपाट्याने वाढतो. वारंवार रांजणवाडी येणाऱ्या प्रौढाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. वृद्धाच्या पापणीवर एकाच जागी पुनःपुन्हा गाठ येत असेल व तेथील केस गळत असतील, तर तिचा तुकडा काढून तपासावाच लागतो. कारण तेलग्रंथीचा कर्करोग साध्या गाठीचे सोंग घेऊन येतो, आणि आशियाई देशांत तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो.

खुपऱ्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एके काळी या रोगाने भारतात असंख्य लोकांची दृष्टी नेली. 1963 साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतात त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. तथापि लहानपणी खुपऱ्या झालेल्या काही वृद्धांच्या पापण्या आतून आक्रसलेल्या असतात व केस आत वळून बुबुळावर घासतात. असे केस घरी चिमट्याने उपटले जातात. ते पुन्हा उगवतात, आणि तुटलेल्या केसाचे खुंट तर अधिकच टोचतात. पापणीची कड बाहेर वळविण्याची शस्त्रक्रिया हाच त्यावरचा इलाज आहे. ती जागा बधिर करून केली जाते.