हात अडतो, डोके नाही

काही मुले तोंडी उत्तरे धडाधड सांगतात. पाढे म्हणतात, गोष्ट सांगतात, बाजारचा हिशेब तोंडी करतात. पण वही उघडली की सगळे बिघडते. काना राहतो, वेलांटी राहते. घ चा ध होतो. एक ओळ वर चढते, दुसरी खाली घसरते. दोन शब्दांत जागा राहत नाही. फळ्यावरचे उतरवता उतरवता तास संपून जातो.

मग घरी बाप म्हणतो, "पोरगं आळशी आहे." शाळेत कोणी म्हणते, "लक्षच नाही त्याचं." मूल मार खाते, पण अक्षर काही सुधारत नाही. दहावीला अर्धा पेपर कोरा राहतो. मूल नापास होते आणि शाळा सुटते. मुलगी असली तर लगेच लग्नाचे बघतात.

मंडळी, दर वेळी हा आळस नसतो. बैल दणकट आहे, नांगरही चांगला आहे, पण जू नीट बसले नाही तर तास वाकडेच जाणार. तिथे बैलाला मारून काय उपयोग? या मुलांचेही तसेच असते. डोके चांगले असते, हातही धड दिसतो. पण डोक्यातले कागदावर नीट उतरत नाही. डॉक्टर याला डिसग्राफिया म्हणतात. म्हणजे लिहिण्यातली अडचण. ती लाडाने येत नाही आणि माराने जात नाही. चांगल्या शिकवण्याने व सरावाने फरक पडतो, पण त्याला वेळ लागतो.

तुम्ही मोठेपणी लिहायला शिकलात. पहिल्या दिवसांत पेन धरून बोटे कशी दुखत, ते आठवते ना? नुसते नाव लिहायला किती वेळ लागे? या मुलांचे रोज तसे होते. आणि त्यांना ठरल्या वेळात सगळा पेपर लिहायचा असतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत. वाचण्याची, लिहिण्याची, गणिताची अडचण त्यांत आली आहे. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, असे कायद्याच्या १७ व्या कलमात आहे.

जादा वेळ म्हणजे किती? दर तासाला २० मिनिटे. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे जादा.

लेखनिक म्हणजे मुलाच्या वतीने लिहिणारा. तो परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. मूल सांगेल तेवढेच त्याने लिहायचे. पदरचे एक अक्षरही घालायचे नाही. म्हणून ही सवलत म्हणजे फुकटचे मार्क नव्हेत. अभ्यास मुलालाच करावा लागतो.

कोणी सांगेल, "चाळीस टक्के अपंगत्व नाही, म्हणून काही मिळणार नाही." ते ऐकून गप्प बसू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला मोठ्या सरकारी परीक्षेत लेखनिक नाकारला होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितले की, चाळीस टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येत नाही.

काय करावे?

पहिले काम, वर्गशिक्षकांना भेटा. मुलाच्या जुन्या वह्या जपून ठेवा, रद्दीत घालू नका. त्याच पुढे उपयोगी पडतात. मुलाचे डोळे व कान तपासून घ्या. कधी कधी नुसता चष्मा लागलेला असतो.

दुसरे काम, दाखला. शाळेचे पत्र, वह्या आणि आधार कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. तिथे तपासणीची सोय नसेल तर कुठे जायचे ते विचारा आणि तसे पत्र मागून घ्या. मुलाला कोडी घालतात, वाचायला आणि लिहायला लावतात. यात सुई नाही, दुखणे नाही, हे मुलाला आधीच सांगा. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती वाचा. मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करा.

दाखल्यावर 'दिव्यांग' शब्द बघून काही जण घाबरतात. "लोक काय म्हणतील? लग्न कसं जमेल?" असे म्हणतात. पण दाखला कपाळावर चिकटवायचा नसतो. तो शाळेत द्यायचा कागद आहे. पोराचे वर्ष बुडाले तर ते मात्र चारचौघांना दिसते.

तिसरे काम, अर्ज. तो मुख्याध्यापकांकडे द्यायचा. शाळा तो परीक्षा मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवते. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. तिच्यावर शाळेचा शिक्का व तारीख घ्या.

हे सारे नववीतच सुरू करा. तपासणीला खेपा पडतात. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. परीक्षेच्या तोंडावर मुलाचा हात मोडला तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांचा दाखला घेऊन त्याच दिवशी शाळा गाठा.

चौथे काम, सराव. लेखनिकाला सांगून लिहून घेणे सोपे नसते. घरी दहा-वीस वेळा तसा पेपर सोडवून पाहा.

पाचवे काम, मंजुरीचा कागद. तो हातात घ्या आणि पेपरच्या आधीच केंद्रसंचालकांना दाखवा. २०२१ साली डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला डिसग्राफिया असलेली एक मुलगी बसली होती. तिला एक तास जादा मिळायला हवा होता. पण केंद्रावर तीन तासांनीच तिचा पेपर काढून घेतला. हे चुकीचे झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ ला सांगितले. पण तिची परीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही. गेलेला तास कोणी परत देत नाही. म्हणून आधी सांगा, कागद दाखवून सांगा.

अर्ज असा लिहावा :

मा. मुख्याध्यापक यांस,
माझा मुलगा ............ इयत्ता नववीत शिकत आहे. त्याला लिहिण्यात अडचण आहे. रुग्णालयाचा दाखला सोबत जोडला आहे. दहावीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ व लेखनिक मिळावा. अर्ज विभागीय मंडळाकडे पाठवावा, ही विनंती.
आपला / आपली,
............

मुलगी असेल तर तसे लिहा. हा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तुम्हाला आता लिहिता येते. अक्षर वाकडे आले तरी चालेल. खाली अंगठा नको, सही करा.